कुणाचं पावणं?

बेटाची व्याख्या मी बावीस वर्षं शिकवतो आहे. चारी बाजूंनी पाण्यानं वेढलेल्या जमिनीच्या भागाला बेट म्हणतात. पोरं ती पाठ करतात, पेपरात उतरवतात, दोन गुण घेतात आणि मोकळी होतात. मीही तिच्यावर कधी फार डोकं चालवलं नव्हतं. कोल्हापूरला समुद्र नाही, त्यामुळे आमच्याकडे बेट हा विषय पुस्तकाच्या बाहेर येत नाही. गेल्या हिवाळ्यात मात्र मी एका बेटावर बेचाळीस किलोमीटर पळालो. पळून घरी आल्यावर मला धाकट्या भावाला एक उत्तर द्यायचं होतं, हो किंवा नाही. आमच्या वडिलांना, म्हणजे आबांना, घरी ठेवायचं की पुण्याजवळच्या एका केंद्रात पाठवायचं, एवढाच प्रश्न होता.

केंद्र चांगलं होतं, हे आधीच सांगतो. विसर पडत चाललेल्या म्हाताऱ्या माणसांसाठीच ते चालवलेलं. भाऊ पुण्यात असतो, तो दोनदा जाऊन बघून आला होता. बाग होती, चोवीस तास माणसं होती, खिडकीतून टेकडी दिसत होती. एक जागा सुटली होती आणि रविवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. ‘दादा, वहिनीनं किती दिवस करायचं?’ असं म्हणून भाऊ फोनवर रडला. त्याचं काही चुकत नव्हतं. मी ऐकत होतो आणि मला त्याच्या रडण्याचा हेवा वाटत होता. मला काहीच वाटत नव्हतं. दाढ काढताना सुई मारली की गाल आपला राहत नाही, चिमटा घेतला तरी दुसऱ्या कुणाचा तरी घेतल्यासारखं होतं, तसं माझं आठ महिने चाललं होतं.

हे आठ महिने कुठून मोजायचे ते सांगायचं, तर आधी आमच्याकडचा एक शब्द सांगावा लागेल.

पावणं. म्हणजे पाहुणे. पण कोल्हापुरात पाहुणा व्हायला कुणाच्या घरी जावं लागत नाही. स्टँडवर उभा असलेला अनोळखी माणूस पावणं, पत्ता विचारणारा पावणं, दुकानात चप्पल घालून बघणारा पावणं. ज्यानं गाडी आडवी घातली आणि ज्याला आता आपण शिव्या देणार आहोत, तोसुद्धा आधी पावणं. ‘ओ पावणं, डोळं घरात ठिवून आलायसा काय?’ असं अगदी आदरानं विचारतात. नाव माहीत नसलं तरी कुणाचं काही अडत नाही.

आबा तर हा शब्द नाव माहीत असलेल्यांनाही लावायचे. ते इचलकरंजीत जॉबर होते. माग बिघडला की तो दुरुस्त करून चालता करणारा माणूस म्हणजे जॉबर. आमचं गाव गडमुडशिंगी. आबा इचलकरंजीतच खोली करून राहायचे आणि आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचे. पिशवी घेऊन ते दारात दिसले की आई आम्हा दोघा भावांना ऐकू जाईल अशा बेतानं ओरडायची, ‘आलं बगा पावणं!’ आणि आबा उंबऱ्याबाहेरूनच विचारायचे, ‘ऱ्हाऊ देशील न्हवं?’ दर आठवड्याला हीच थट्टा आणि दर आठवड्याला आम्ही हसायचो.

त्या शब्दामागं आणखी एक गोष्ट होती, ती मला पुष्कळ उशिरा कळली. आम्ही बौद्ध. धम्म घेण्याच्या आधीच्या काळात आबांनी आपल्या वडिलांना कुणाच्या तरी अंगणात ओणवं होऊन ओंजळीनं पाणी पिताना पाहिलं होतं. पाणी वरून ओतलं जात होतं. ‘माझ्या बाला कुणी पावणं म्हणून हाक मारली न्हाई,’ असं आबा एकदाच म्हणाले, तेही दुसरंच काही बोलता बोलता. तेव्हा कुठं मला त्यांच्या वागण्याचा उलगडा झाला. वीज मीटर बघायला आलेला, सिलिंडर आणणारा, चुकून आमची बेल वाजवणारा, आबा प्रत्येकाला म्हणणार, ‘या पावणं, बसा. कुठलं म्हणायचं?’ आणि पाणी पाजल्याशिवाय सोडणार नाहीत. सिलिंडरवाल्याला घाई असायची, पण आबांच्या तावडीतून तोही सुटायचा नाही.

आई गेल्यावर आम्ही आबांना कोल्हापुरात आमच्याकडे आणलं. आणि त्यानंतर आमच्या हातून जी चूक झाली ती, मला वाटतं, फक्त आमच्याच मुलखात होऊ शकते. आबांना नावं आठवेनाशी झाली आणि आम्हाला ते कळलंच नाही. कसं कळणार? शेजाऱ्याला पावणं, माझ्या मित्राला पावणं, फोनवर धाकट्याला पावणं, आणि हळूहळू मलाही पावणं. मागाच्या खडखडाटात उभा जन्म गेल्यानं कानही गेलेले, त्यामुळे उत्तर चुकलं तरी आम्ही म्हणायचो, ऐकू आलं नसेल. मी शाळेतून आलो की ते म्हणायचे, ‘या पावणं.’ मला वाटायचं, आईची थट्टा ते आता माझ्यावर चालवतात. मीही खुशीत यायचो. ‘आलो बगा पावणं,’ म्हणत मी घरात शिरायचो. असं वर्षभर तरी चाललं असेल. नावानं हाका मारणाऱ्या गावात हे महिन्याभरात ध्यानात आलं असतं.

मग एका दुपारी आम्ही दोघं व्हरांड्यात चहा पीत बसलो होतो. आबा म्हणाले, ‘कुठलं पावणं?’

‘गडमुडशिंगीचं की,’ मी म्हणालो.

‘व्हय? आमचंबी गाव त्येच. तिथं कुणाचं तुमी?’

मी हसत हसत त्यांचंच नाव सांगितलं. त्याचा थोरला मी, म्हणालो.

आबांनी कप खाली ठेवला. ‘आता काय म्हणायचं,’ ते म्हणाले. ‘माझंबी नाव त्येच हाय की. मलाबी दोन पोरं हाईत. थोरला मास्तर हाय. लई दिस झालं आला न्हाई.’

ते थट्टा करत नव्हते. ते रस्त्याकडे बघत होते. माझं हसणं तोंडावर तसंच राहिलं, कारण ते कसं काढायचं ते मला कळेना. चहा संपवून मी कप विसळला, जागेवर ठेवला आणि नववीचे पेपर तपासायला घेतले. सगळे तपासले. एकाही पोराचा गुण चुकवला नाही.

डॉक्टरांनी विचारलं, ‘माणसांची नावं कधीपासून विसरतात?’ मी म्हणालो, ‘ते कुणालाच नावानं हाक मारत नाहीत, सगळ्यांना पावणं म्हणतात.’ डॉक्टरही कोल्हापूरचेच. ते आधी हसले आणि मग हसायचे थांबले.

सुरुवातीला मी आबांना सांगायचो. ‘आबा, मी. मीच तुमचा थोरला.’ असं म्हटलं की त्यांचा चेहरा घाबरा व्हायचा. एखादं काम आपल्याकडून बिघडलं आहे आणि मालक समोर उभा आहे, असा काहीतरी. मला तो चेहरा बघवेना. म्हणून मी सांगणं सोडलं, मग त्यांच्याशेजारी बसणं सोडलं, आणि पहाटे उठून पळायला लागलो. रंकाळ्याला एक फेरी, मग दोन, मग तीन. पळताना काही वाटत नसलं तरी चालतं. तिथं कुणी विचारत नाही.

शाळेतले गणिताचे सर आधीपासून पळतात. त्यांनी मला ह्या बेटावरच्या मॅरेथॉनची बातमी दिली आणि नाव नोंदवायला लावलं. जिल्ह्याच्या पश्चिमेला, घाटाच्या अलीकडे एक धरण आहे. ते भरलं की त्याच्या पोटातला एक डोंगर कमरेपर्यंत बुडतो आणि वरचा भाग बेट होऊन उरतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की एका बाजूनं चालत जाता येतं, म्हणजे व्याख्येप्रमाणे ते बाराही महिने बेट नाही. मी हे सरांना सांगितलं. ‘तुम्ही पळायला चाललाय का तपासणीला?’ असं ते म्हणाले.

शर्यत लहानच होती. अर्धी पळणारे साठ-सत्तर आणि पूर्ण पळणारे आम्ही एकोणीस. एक फेरी सात किलोमीटरची, अशा सहा फेऱ्या, आणि उरलेले दोनशे मीटर होडीच्या धक्क्यापर्यंत. मी हे सगळं बायकोला सांगत होतो, शनिवारी, पिशवी भरता भरता. ती घरीच शिवणकाम करते. आबा दिवसभर तिच्या मशिनजवळ खुर्ची टाकून बसतात. मशीन चालू असेपर्यंत ते शांत असतात आणि थांबली की उठून बघायला येतात, काय बिघडलं म्हणून.

‘उद्या संध्याकाळी भावजींना काय सांगणार?’ तिनं विचारलं.

‘पळताना ठरवतो.’

तिनं मशीन थांबवली. ‘ठरवून पळा की. पळून काय ठरवताय?’ मग आबांकडे एकदा बघून ती म्हणाली, ‘त्यांचं करायला लागतंय त्याचं मला काही नाही. चार घास भरवायचे, आंघोळ घालायची, बाकी काय? तुम्ही घरात असून नसता, त्याचा वीट आलाय मला. थोरला आला नाही म्हणतात ते. खोटं काय म्हणतात?’

आबा तेवढ्यात उठलेच होते, मशीन का थांबली ते बघायला. तिनं पायडल मारलं आणि ते परत बसले. मी बुटांना नवीन नाड्या घातल्या. तिचं बोलणं खरं आहे हे मला कळत होतं, आणि ते मला लागत नव्हतं.

रविवारी उजाडता उजाडता आम्ही धरणाच्या काठावर पोचलो. पाण्यावर धुकं होतं. लाँचवाला चढणाऱ्या प्रत्येकाला, ‘पावणं, मधी बसा, कडंला नगं,’ असं सांगत होता. पलीकडे पोचलो तेव्हा बेट अजून अर्धंच दिसत होतं, वरचं. खालचं धुक्यात होतं. देखावा सुंदर होता, सगळेच तसं म्हणत होते आणि फोटो काढत होते. तो सुंदर आहे हे मी ओळखलं आणि बुटाच्या नाड्या पुन्हा आवळल्या.

वाट सगळी डोंगरातली. धक्क्यापासून काजूच्या झाडांतून वर वाडीपर्यंत चढ, वाडीच्या मागून सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, तिथून उतरून परत पाण्याच्या काठाला, आणि मग दुसरा, अंगावर येणारा चढ खिंडीपर्यंत. खिंडीतून घसरत खाली धक्क्यावर आलं की एक फेरी झाली. माती तांबडी आणि भुसभुशीत, मधे मधे जांभ्याचे दगड वर आलेले. पहिला चढ संपेपर्यंत गणिताचे सर माझ्या पुढं निघून गेले. मग ते मला दिसले नाहीत.

खिंडीत जांभळाच्या झाडाखाली वाडीतल्या लोकांनी पाण्याची सोय केली होती. दोन माठ, स्टीलचे पेले, परातीत गूळ-शेंगदाणे, चिरलेली लिंबं. तिथं एक म्हातारबा उभे होते, पांढरी टोपी, जाड काचेचा चष्मा, हातात पेला. मागं दोन बायका माठ भरत होत्या.

‘या पावणं,’ ते म्हणाले. ‘कुठलं म्हणायचं?’

‘कोल्हापूर.’

‘खुद्द कोल्हापूर?’

‘मूळचं गडमुडशिंगी.’

‘हितं कुणाचं पावणं?’

आता, ह्या प्रश्नाची मला लहानपणापासून चीड आहे. सरळ बघितलं तर त्यात काही नाही. गावात आला आहात तर कुणाच्या घरी आला आहात, एवढंच. पण आमच्या माणसाला ‘कुणाचं?’ म्हटलं की त्यातून दुसराच प्रश्न ऐकू येतो, आणि त्याचं उत्तर मिळाल्यावर पुढं आलेला पेला मागं गेल्याच्या गोष्टी आम्ही ऐकत वाढलेलो असतो. आबांना हा प्रश्न कुणी विचारला की ते ताठ उभं राहून उत्तर द्यायचे. मी तेवढा मोठा नाही. ‘कुणाचंच न्हाई,’ म्हणालो, पाणी प्यालो आणि निघालो. म्हातारबांनी पेला मात्र आधीच माझ्या हातात दिला होता.

दुसऱ्या फेरीला धुकं गेलं होतं आणि खाली सगळीकडे पाणी दिसायला लागलं होतं. खिंडीत म्हातारबा म्हणाले, ‘या पावणं. कुठलं म्हणायचं?’ मी परत सांगितलं. ‘हितं कुणाचं?’ मी परत तेच म्हणालो. तिसऱ्या फेरीला तेच. मी फक्त ‘कोल्हापूर’ म्हणालो आणि पुढचा प्रश्न ऐकायला थांबलो नाही. चौथ्या फेरीपर्यंत अर्धी पळणारे संपवून खाली धक्क्यावर पोहे खात बसले होते आणि वाटेवर मी एकटा होतो. उजव्या पायाची बोटं बधिर झाली होती. बुटात काहीतरी आहे एवढंच समजायचं. मला गंमत वाटली, की निदान बोटांची तरी मला सोबत आहे. म्हातारबांनी विचारलं, मी उत्तर दिलं नाही, पेला घेतला.

पाचव्या फेरीत, सड्यावर, मी ठरवून टाकलं होतं. हो म्हणायचं. केंद्र चांगलं आहे, बायकोची सुटका होईल, भावाचं रडणं थांबेल. आबांना काही फरक पडणार नाही, कारण त्यांच्या लेखी मी कुठून तरी आलेला माणूस, तिथलीही माणसं कुठून तरी आलेलीच. तिथंही ते सगळ्यांना पावणं म्हणतील. हे ठरवल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. मी फक्त एक मोठा दगड चुकवला आणि पुढं गेलो.

पाचव्यांदा खिंडीत पोचलो तेव्हा मला धड श्वास घेता येत नव्हता. म्हातारबा पुढं आले. ‘या पावणं, या. कुठलं म्हणायचं?’

आणि मी भडकलो. आठ महिने ज्या माणसाला राग आला नव्हता तो एका परक्या म्हाताऱ्यावर, ज्यानं त्याला चार वेळा पाणी पाजलं होतं, ओरडला, ‘मघाधरनं सांगतोय की! तीनदा सांगितलं! कितीदा इचारायचं एकच?’

माठाजवळच्या बायका थांबल्या. म्हातारबा मात्र हलले नाहीत. त्यांनी पेला माझ्यापुढं धरला.

‘सांगितलासा की,’ ते म्हणाले. ‘मला काय कळत न्हाई व्हय? पर इचारलं की माणूस वाईच उभारतंय. न्हाईतर पानी प्यालं, पळालं. कोण आलतं, कोण गेलतं. आमच्या बेटावर कोण येतंय सारखं?’

मी पाणी प्यालो. ‘चुकलं माझं,’ म्हणालो. ‘त्यात काय,’ ते म्हणाले. ‘गूळ खावा जरा.’ मी गूळ तोंडात टाकला आणि उताराला लागलो.

तो उतार मला अजून आठवतो, कारण तिथं मी पळालो नाही, चाललो. आबा मला दिवसातून चार-पाच वेळा विचारतात, कुठलं पावणं? ह्या प्रश्नाला मी आजार म्हणत होतो. आजारच आहे तो, मी डॉक्टरांशी वाद घालत नाही. पण विचारून झालं की आबा व्हरांड्यातल्या बाकावर सरकून बसतात आणि शेजारची जागा तळहातानं झाडतात. हे मी रोज बघत होतो. जागा झाडून ते माझ्याकडे बघतात, आणि मी म्हणतो, ‘आलोच हं,’ आणि आत निघून जातो. आठ महिन्यांत मी त्या झाडलेल्या जागेवर एकदाही बसलो नव्हतो. एवढं साधं होतं ते. ह्या माणसाला मी कोण ते माहीत नव्हतं, तरी मी थांबावं असं त्याला वाटत होतं.

सहावी फेरी मी कशी पळालो ते सांगता येणार नाही. बरीचशी चाललोच. खिंडीतला शेवटचा चढ चढताना वर नजर टाकली तर म्हातारबा वाटेच्या तोंडाशी येऊन, कपाळावर हात धरून बघत होते. मी दिसलो तसे ते मागं वळले आणि बायकांना मोठ्यानं म्हणाले, ‘आलं बगा! आलं बगा गडमुडशिंगीचं पावणं! शेवटची फेरी हाय त्येंची, पानी आणा!’

आलं बगा पावणं. आईचा आवाज तसा नव्हता, आईचा बारीक होता. पण शब्द तेच, आणि ते ओरडण्याची जागाही तीच, कुणीतरी लांबून येऊन दारात दिसल्याची. मला ते लागलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी लागलं. रडलो मात्र नाही. जांभळाला हात टेकून उभा राहिलो, त्यांनी आपण होऊन दिलेले दोन पेले प्यालो, आणि ह्या वेळी त्यांनी काहीच विचारलं नाही.

एकोणिसांत मी अठरावा आलो. एकोणिसाव्याचा पाय मुरगळला होता. गळ्यात लाकडाची एक चकती घातली, गणिताच्या सरांनी फोटो काढला आणि लाँच सुटली. अलीकडच्या काठाला फोनला रेंज आली तेव्हा भावाचे तीन फोन येऊन गेलेले दिसले. मी लावला नाही. सड्यावर ठरवलेलं ‘हो’ आता माझ्याजवळ नव्हतं, पण त्याच्या जागी दुसरं काही आलेलंही नव्हतं. गाडीत मी झोपलो.

कॉलनीत उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. आमच्या व्हरांड्याला तीन पायऱ्या आहेत आणि वर जाळीचं दार. आबा मधे दोनदा न सांगता बाहेर पडले, तेव्हापासून त्याला कडी असते. पायरीवर पाय टाकायला गेलो तर गुडघा वाकेना. म्हणून मी तिथंच उभा राहिलो, कठड्याला धरून. जाळीच्या आत बाकावर आबा बसले होते. आतून मशिनचा आवाज येत होता.

‘या पावणं,’ आबा म्हणाले. ‘लांबनं आलासा जणू?’

‘व्हय, लांबनं.’

‘कुठलं म्हणायचं?’

‘गडमुडशिंगी.’

‘व्हय? आमचंबी गाव त्येच की.’ ते जाळीजवळ आले. माझ्या लाल झालेल्या बुटांकडे त्यांनी बघितलं, गळ्यातल्या लाकडी चकतीकडे बघितलं. ‘कुणाचं पावणं?’

मी थोरला आहे, असं मी म्हणालो नाही. तो घाबरा चेहरा मला नको होता.

‘तुमचंच,’ मी म्हणालो.

आबांनी विचार केला. त्यांचा ओठ हलला. चेहरा घाबरला नाही. ‘आमचंच?’ ते म्हणाले. ‘मग भाईर का उभारलायसा? आत या की!’ त्यांनी कडी काढायचा प्रयत्न केला, ती त्यांना निघेना, तसे आत तोंड करून मोठ्यानं ओरडले, ‘बाई, आपलं पावणं आल्यात! दार उगडा! च्या टाका!’

मशीन थांबली. बायको दारात आली, माझ्याकडे बघत एक क्षण उभी राहिली आणि तिनं कडी काढली. मी पायऱ्या एकेक करून चढलो. आबा परत बाकावर बसले, थोडे सरकले आणि त्यांनी शेजारची जागा तळहातानं झाडली. मी बसलो. मला उठवेल असं वाटत नव्हतं, आणि उठायचं नव्हतंही. आबा स्वतः आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आले. निम्मं पाणी वाटेत सांडलं होतं. उरलेलं त्यांनी माझ्या हातात दिलं आणि मी पिऊन होईपर्यंत ते माझ्यासमोर उभे राहिले.

तेवढ्यात फोन वाजला. भाऊच होता.

‘दादा, त्यांना कळवायचंय. काय ठरलं?’

‘न्हाई पाठवायचं,’ मी म्हणालो.

‘अरे, पण का? एवढी चांगली जागा...’

‘घरात पावणं आल्यात.’

‘आत्ता? कोण आलंय?’

‘थोरला,’ मी म्हणालो.

बायको चहा घेऊन आली होती. आबांनी माझा कप माझ्यापुढं सरकवला आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, ‘पावणं, फोन मागनं करा. च्या निवतोय की.’